विद्यापीठाचा निरोप सीमाभागात कसा पोहोचतो: सर्क्युलर, एसएमएस, ग्रुप आणि पोर्टल यांचं परीक्षण

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-आमगावचा विद्यार्थी बेळगावात डिग्रीला असतो, तेव्हा परीक्षेचा अर्ज भरायची तारीख त्याला थेट विद्यापीठाकडून क्वचितच कळते. विद्यापीठ सर्क्युलर काढतं, ते कॉलेजच्या ईमेलवर जातं, ऑफिसमधला क्लार्क छापून प्राचार्यांपुढे ठेवतो, सही झाली की कुणीतरी सर किंवा मॅडम त्याचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. निरोप चार हातांतून जातो. मध्ये एखादा रविवार आणि एक सुटी आली, तर मुदतीतले तीन-चार दिवस वाटेतच संपतात.

ही सगळी व्यवस्था एक सेवा आहे. विद्यार्थी तिच्यासाठी दर सेमला फी भरतो, म्हणून दुकानाचं किंवा हॉटेलचं करतात तसं तिचंही परीक्षण व्हायला हवं. इथे कसोटी एकच धरली आहे. निरोप वाचून झाल्यावर काय करायचं, कधीपर्यंत, कुठे आणि सोबत कोणता कागद लागेल, हे विद्यार्थ्याला दुसऱ्या कुणालाही न विचारता कळलं पाहिजे. त्यासाठी फोन करावा लागला, तर निरोप पोहोचला असं आम्ही धरलेलं नाही.

सुरुवात सर्क्युलरपासून, कारण बाकी सगळं त्याच्यातूनच निघतं.

सर्क्युलर लिहिलं जातं फायलीसाठी. वर संदर्भांची यादी, मग कोणत्या बैठकीत काय ठरलं, मग कुलगुरूंच्या मान्यतेचा उल्लेख, आणि शेवटची तारीख दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात. ऑफिसच्या दृष्टीने यात काही चुकीचं नाही, रेकॉर्डला हेच लागतं. पण हाच कागद जसाच्या तसा अठरा वर्षांच्या मुलाच्या साडेसहा इंची स्क्रीनवर जातो. ए-फोर आकाराचं पान मोबाइलवर वाचायचं तर ते मोठं करून डावी-उजवीकडे सरकवत राहावं लागतं, आणि तक्त्याचा मथळा एकीकडे, आकडा दुसरीकडे राहतो. विलंब शुल्कासह आणि विलंब शुल्काविना या दोन तारखांची गल्लत होते ती इथेच.

दुसरा दोष तांत्रिक आहे आणि तो फुकटात दुरुस्त होतो. पत्र कॉम्प्युटरवर टाइप होतं, प्रिंट निघते, सही-शिक्का होतो आणि तो कागद स्कॅन करून पीडीएफ बनवतात. म्हणजे वेबसाइटवर चढतं ते अक्षरांचं चित्र. त्यात शोध चालत नाही, मोबाइलला ते वाचून दाखवता येत नाही, दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला ते कोरं पान वाटतं, आणि कन्नड न समजणाऱ्याला मजकूर कॉपी करून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकता येत नाही. कन्नडमधल्या नुडी किंवा मराठीतल्या श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून थेट पीडीएफ काढली तरी तोच त्रास होतो: दिसतं बरोबर, कॉपी केलं की भलतीच चिन्हं येतात. उपाय सोपा आहे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा, वर्डमधूनच पीडीएफ काढायची, त्यावर डिजिटल सही करायची. ते जमत नसेल तर सहीची स्कॅन प्रत खाली जोडायची आणि वर मजकुराची साधी प्रत ठेवायची.

फाइलच्या नावाकडेही कुणी बघत नाही. 'सर्क्युलर न्यू फायनल' या नावाच्या दोन पीडीएफ विद्यार्थ्याच्या फोनमध्ये उतरल्या की कोणती नवी हे उघडल्याशिवाय कळत नाही. नावात तारीख, कोर्स आणि विषय हवा. तारीख बदलली तर जुन्या फाइलच्या जागी गुपचूप नवी चढवू नये. जुन्यावर 'रद्द', नव्यावर 'सुधारित' असं लिहून काय बदललं ते पहिल्याच ओळीत सांगावं. सर्क्युलरचे फोटो ग्रुपवर महिनोन्‌महिने फिरत राहतात, त्यामुळे हे जपावंच लागतं.

आणखी एक गुंता कर्नाटकात मुद्दाम लक्षात घ्यावा लागतो. राज्याने २०२१-२२ पासून नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण डिग्रीला लागू केलं आणि २०२४-२५ पासून राज्याच्या वेगळ्या आराखड्यानुसार पुन्हा तीन वर्षांची डिग्री आणली. त्यामुळे एकाच कॉलेजात एकाच हंगामात नव्या आराखड्याचे नियमित विद्यार्थी आणि जुन्या आराखड्याचे बॅकवाले विद्यार्थी शेजारी-शेजारी परीक्षेला बसतात. 'तिसऱ्या सेमच्या विद्यार्थ्यांनी अर्ज भरावेत' एवढंच लिहिलं, तर ॲडमिशन कोणत्या साली झालेल्यांनी, ते कळत नाही. ॲडमिशनचं वर्ष सर्क्युलरच्या मथळ्यातच यायला हवं. इंजिनीअरिंगच्या मुलांना हे सवयीचं आहे, ती आपापसात '१८ स्कीम', '२१ स्कीम', '२२ स्कीम' असंच बोलतात. बीए-बीकॉमला अशी सोयीची खूण रुळलेली नाही.

सर्क्युलरला आमचे पाचपैकी दोन. कागद म्हणून तो पक्का आहे, निरोप म्हणून फार कच्चा.

एसएमएसला मात्र आजही तोड नाही. जांबोटीच्या पुढे जंगलपट्टीत इंटरनेट लागत नाही, तिथेही दोन काड्या आल्या की एसएमएस येऊन पडतो. साध्या बटणाच्या फोनवर येतो, घरच्यांनाही दिसतो. पण तो पाठवणाऱ्याला नियम नीट माहीत असावे लागतात आणि कॉलेज-ऑफिसं नेमकी तिथेच अडतात.

पहिली अडचण लांबीची. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं बसतात, देवनागरी किंवा कन्नड लिपीत फक्त ७०. मजकूर लांबला की तो तुकड्यांत जातो आणि जोडणीची माहिती धरून प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हंच उरतात. पैसे तुकड्यामागे लागतात. मोजताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं. 'परीक्षा' हा शब्द ७ चिन्हांचा, 'विद्यार्थ्यांनी' तब्बल १५ चिन्हांचा. म्हणून 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की' ही सुरुवात आधी कापावी, तिच्यातच निम्मा एसएमएस जातो.

इंग्रजी मजकुरातही एक चोर दडलेला असतो. वर्डमधून कॉपी केलेली वळणदार अवतरणचिन्हं किंवा रुपयाचं चिन्ह त्यात आलं, की अख्खा एसएमएस युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते. बिल अचानक दुप्पट आलं, तर आधी हे तपासावं.

मराठीत नीट लिहिलं तर दोन तुकड्यांत सगळं बसतं. हा नमुना पाहा:

बीए तिसरे सेम: परीक्षा अर्ज व फी २१ नोव्हेंबर, सायं. ५ पर्यंत. पोर्टलवर भरा. मागील मार्क्स कार्ड हवे. अडचण: कॉलेज ऑफिस, १० ते ५.

मोकळ्या जागा धरून ही १२८ चिन्हं होतात. दोन तुकड्यांची मर्यादा १३४. काय, कधी, कुठे, कोणता कागद आणि अडलं तर कुणाकडे, सगळं आलं.

दुसरी अडचण मंजुरीची. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांमुळे संस्थेला आपलं नाव, हेडर (एसएमएसवर पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं अक्षरी नाव) आणि प्रत्येक मजकुराचा साचा मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो. साच्यात बदलत्या मजकुरासाठी रिकाम्या जागा ठेवता येतात, पण बाकीचा एक शब्द जरी वेगळा पडला तरी मोबाइल कंपनी तो एसएमएस अडवते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मजकुरातल्या वेबसाइटच्या लिंकाही आधी नोंदवलेल्या नसतील तर एसएमएस जात नाही. परिणाम असा, की जुलै-ऑगस्टच्या पावसात मलप्रभा-घटप्रभेला पूर येतो, जिल्हाधिकारी सुटी जाहीर करतात, दुसऱ्या दिवशीचा पेपर पुढे ढकलावा लागतो, आणि त्या रात्री ऑफिसकडे त्या मजकुराचा मंजूर साचाच नसतो. नवा साचा मंजूर होईपर्यंत पेपरची वेळ निघून जाते.

म्हणून जूनमध्येच पाच साचे नोंदवून ठेवावेत: अर्जाची मुदत, मुदतवाढ, पेपर पुढे ढकलला, निकाल लागला, कागदपत्रात त्रुटी. तारीख, कोर्स आणि ठिकाण यांना रिकाम्या जागा. वर्षभराचं बहुतेक काम या पाचांत भागतं.

विद्यार्थ्यांनीही एक ओळखून ठेवावं. संस्थेचा खरा एसएमएस अक्षरी हेडरवरून येतो आणि हेडरच्या शेवटी हल्ली प्रकार सांगणारं एक अक्षर असतं: सरकारीला जी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी, जाहिरातीला पी. दहा आकडी मोबाइल नंबरवरून 'फी इथे भरा' असा एसएमएस आला तर पैसे भरू नयेत.

एवढी मेहनत घेऊनही एसएमएस वाया जातो तो चुकीच्या नंबरमुळे, आणि त्याची सुरुवात ॲडमिशनच्या दिवशी होते. पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की टिळकवाडीपासून निपाणी-चिकोडीपर्यंत झेरॉक्स आणि ऑनलाइन सेंटरवर रांगा लागतात. ओटीपी पटकन मिळावा म्हणून सेंटरवाला बऱ्याचदा स्वतःचा नंबर किंवा ईमेल टाकून अर्ज पुढे सरकवतो. त्याचा हेतू मदतीचाच असतो. पण पुढची तीन वर्षं विद्यार्थ्याचे निरोप त्या दुकानाच्या फोनवर पडत राहतात आणि पासवर्ड विसरला तर ओटीपीही तिथेच जातो. वडिलांचा नंबर दिला तर फोन दिवसभर शेतावर किंवा गोव्याला कामावर. रिचार्ज न केलेला प्रीपेड नंबर काही महिन्यांनी बंद होऊन दुसऱ्याच माणसाच्या नावावर गेलेला असतो, तो प्रकार वेगळाच.

यावर खात्रीचा मार्ग एकच: ॲडमिशनची फी घेताना खिडकीवरच विद्यार्थ्याच्या नंबरवर ओटीपी पाठवून तो समोर वाचून दाखवायला सांगायचा. एका मुलामागे एक मिनिट. दर सेमच्या सुरुवातीला वर्गशिक्षकाने नंबरांची यादी वर्गात फिरवून खाडाखोड करून घ्यायची. एसएमएस पाठवल्यावर जो डिलिव्हरी रिपोर्ट येतो, त्यातले 'फेल' झालेले नंबर वेगळे काढून त्या मुलांना वर्गात गाठायचं. हा रिपोर्ट उघडून पाहणारी ऑफिसं फार थोडी, आणि तोच सगळ्यात उपयोगाचा कागद आहे.

एसएमएसला पाचपैकी चार.

व्हॉट्सॲप ग्रुपचं बळ त्याच्या वेगात आहे, दोष गर्दीत. ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात, वर्गाला भरपूर. पण सगळ्यांना लिहायची मुभा असली की सर्क्युलरखाली चाळीस 'ओके सर' आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, निरोप वर सरकून दिसेनासा होतो. त्यासाठी निरोपांचा ग्रुप वेगळा करून फक्त ॲडमिनने लिहायची सेटिंग लावावी, शंकांना दुसरा ग्रुप द्यावा. चालू मुदतीचा मेसेज पिन करावा. एका वेळी तीन पिन करता येतात आणि पिनची मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस ठेवता येते. मुदतीपर्यंतचा हिशेब करून ती निवडावी.

भारतात २०२३ पासून आलेलं व्हॉट्सॲप चॅनल विद्यापीठ पातळीवर जास्त बरं. तिथे फॉलो करणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, आणि मुलींच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण वर्गाच्या ग्रुपमधून नंबर घेऊन त्रास देण्याच्या तक्रारी प्रत्येक कॉलेजला ठाऊक आहेत. मात्र चॅनलवर कुणी वाचलं, कुणी नाही, हे नावानिशी कळत नाही, आणि उत्तर देता येत नाही. चॅनल ही नोटीस आहे, संवाद नव्हे, हे धरून वापरलं तर चांगलं चालतं.

फोटो टाकताना त्यासोबत दोन ओळी टाइप करणं हा सगळ्यात मोठा सुधार आहे. नुसता फोटो दोन महिन्यांनी ग्रुपमध्ये शोधता येत नाही, टाइप केलेला मजकूर शोधता येतो.

आता पोर्टल. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांसाठी कर्नाटकाने यूयूसीएमएस हे सामायिक पोर्टल आणलं. ॲडमिशन, परीक्षा अर्ज, फी, हॉल तिकीट, निकाल हे एका लॉगिनखाली येणं ही खरोखर मोठी सुधारणा आहे. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन होण्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती, आणि मार्क्स कार्डातल्या एका दुरुस्तीसाठी अथणी-कागवाडच्या पालकाचा अख्खा दिवस धारवाडच्या वारीत जायचा. आज अर्ज कुठे अडला आहे ते निदान घरबसल्या दिसतं.

पण पोर्टल स्वतःहून हाक मारत नाही. उघडून बघणाऱ्यालाच ते सांगतं. म्हणून पोर्टलवर काही बदललं की त्यामागे एसएमएस गेलाच पाहिजे. आणि शेवटच्या दिवशीच्या एका ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर मुदतीच्या निरोपातच द्यायला हवं: फी खात्यातून कापली गेली, पण अर्ज 'पेंडिंग' दाखवतो. अशा वेळी मुलं घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरतात आणि मग परताव्यासाठी हेलपाटे घालतात. सांगायचं एवढंच: व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, काही वेळाने स्थिती पुन्हा तपासा, तरीही पेंडिंग असेल तर मुदत संपण्याआधी तो क्रमांक घेऊन ऑफिसला जा. यासाठी शेवटचा दिवस शनिवार किंवा सुटीच्या आदल्या दिवशी ठेवू नये, कारण मग विचारायला ऑफिस उघडं नसतं.

नावाच्या बाबतीत सीमाभागातल्या मुलांना विशेष जपावं लागतं. आपल्याकडे एका कागदावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम, दुसऱ्यावर आडनाव आधी, तिसऱ्यावर नुसती इनिशियल. अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) आणि डिजिलॉकरमधलं मार्क्स कार्ड आधारवरच्या नावाशी जुळलं नाही, तर काम अडतं, आणि ते कळतं नोकरीच्या किंवा पुढच्या ॲडमिशनच्या वेळी. पहिल्याच सेमला 'पोर्टलवर तुमचं नाव असं आहे, आधारशी जुळतं का पाहा' हा निरोप नाव घालून गेला, तर पुढची प्रतिज्ञापत्रं आणि खेपा वाचतात.

बेळगावातच मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाकडे, म्हणजे व्हीटीयूकडे, निरोप नेमक्या मुलांना पाठवायचं एक उत्तम साधन तयार पडलं आहे: यूएसएन, म्हणजे विद्यार्थ्याचा विद्यापीठ क्रमांक. २जीआय२१सीएस००१ हा क्रमांक घ्या. पहिला २ बेळगाव विभागाचा, जीआय कॉलेजचं, २१ ॲडमिशनचं वर्ष, सीएस शाखा, शेवटी अनुक्रमांक. म्हणजे फक्त २१ च्या कॉम्प्युटर शाखेच्या मुलांचा निरोप एक्सेलमधल्या साध्या फिल्टरने वेगळा काढता येतो. तरीही कॉलेजांत सगळ्यांना सगळं पाठवायची सवय आहे. दहांपैकी आठ निरोप आपल्यासाठी नाहीत हे कळलं, की मुलं उरलेले दोनही उघडत नाहीत.

आणि काही निरोप एकदा सांगून भागत नाहीत. इंजिनीअरिंगच्या नियमित विद्यार्थ्याला डिग्रीसाठी एआयसीटीईचे, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ठरवलेले, वर्गाबाहेरच्या उपक्रमांचे १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट लागतात, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याला ७५. हे पहिल्या वर्षी ओरिएंटेशनला सांगितलं जातं आणि आठव्या सेमला आठवतं. इथे दर सेमला 'तुमचे ४० झाले, ६० बाकी' असा प्रत्येकाचा वेगळा आकडा जायला हवा. हजेरीचंही तसंच. यादी सेमच्या शेवटी लावून उपयोग नाही, सहाव्या आठवड्यात लावली तर मुलाला सावरायला वेळ मिळतो.

ईमेलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. इंटर्नशिप आणि प्लेसमेंटची मुलं सोडली तर इकडे तो कुणी रोज उघडत नाही. पुरावा म्हणून ठेवावा, निरोपासाठी त्यावर विसंबू नये.

नोटीस बोर्ड मात्र अजून कामाचा आहे. बसपासवर येणारी मुलं सकाळच्या गाडीने उतरतात आणि गेटातून आत येतात, बोर्ड तिथे असला तर वाचतात. ऑफिसच्या बोळात असला तर नाही. काच लावलेला, मुदत संपलेले कागद दर सोमवारी काढलेला आणि वर ठळक अक्षरात फक्त 'या आठवड्याच्या मुदती' लिहिलेला बोर्ड निम्म्या चौकश्या कमी करतो.

भाषेचा प्रश्न इथे टाळता येत नाही आणि टाळूही नये. अधिकृत सर्क्युलर कन्नड किंवा इंग्रजीत येतं. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला बाजारातलं, बसमधलं कन्नड येतं, पण सरकारी कन्नड त्याला जड जातं. खरं तर कन्नड घरातल्या मुलालाही ते जड जातं, सरकारी मराठी आपल्याला जातं तसंच. पूर्ण भाषांतराची गरज नाही. अधिकृत मजकूर आहे तसाच ठेवून त्यावर चार ओळींचा गोषवारा कन्नड, मराठी आणि इंग्रजीत द्यावा, खाली 'मतभेद झाल्यास मूळ सर्क्युलर ग्राह्य' असं लिहावं. हे काम कॉलेज पातळीवर होऊ शकतं, मराठी आणि कन्नड विभागांचे प्राध्यापक तिथेच असतात. तारीख आणि रक्कम तिन्हींमध्ये एकाच आकड्यांत लिहावी, म्हणजे घरी आईवडिलांनाही पडताळता येईल. बेळगावची मराठी दैनिकं परीक्षांच्या तारखा छापतात, आणि कित्येक घरांत निरोप पहिल्यांदा तिथूनच कळतो. विद्यापीठाने हा गोषवारा त्यांना तयारच पाठवला, तर बातमी लिहिताना तारीख चुकायचा धोका राहत नाही.

हेल्पलाइनला आम्ही पाचपैकी एक देतो, कारण बहुतेक ठिकाणी ती म्हणजे दुपारी जेवणाच्या सुटीत वाजत राहणारा लँडलाइन. नंबरासोबत वेळ, बोलणाऱ्याची भाषा आणि तक्रार क्रमांक मिळेल की नाही, हे लिहिलेलं नसेल तर तो नंबर छापू नये.

निरोप न मिळाल्यामुळे अर्ज हुकला, हॉल तिकीट अडलं, असं झालं तर वाट आहे आणि ती विद्यार्थ्यांना फारशी सांगितली जात नाही. यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि ऑनलाइन तक्रारीची सोय असायला हवी. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो आणि त्याची प्रत विद्यार्थ्याला मिळते. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. अर्जात लिहायचं ते एवढं: सर्क्युलरचा क्रमांक आणि तारीख, कॉलेजच्या बोर्डावर किंवा ग्रुपवर ते लागलं तो दिवस, ग्रुपचा तारीख दिसणारा स्क्रीनशॉट, पोर्टलवर नोंदलेला आपला मोबाइल नंबर, आणि नेमकं काय हवं आहे, म्हणजे मुदतवाढ की विलंब शुल्काची माफी. दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर ऑफिसचा आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.